खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा आपोआप बदलतोय! लांबलचक स्ट्रिंगचा पूर्णांक नेमका करायचा कसा?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचं काम मी वर्षभर बघतोय, जुनं सॉफ्टवेअर बंद करून सभासदांची सगळी माहिती नव्या वेब ॲपमध्ये आणायची आहे. खाते क्रमांक १७ आकडी आहेत, शाखा, खात्याचा प्रकार, वर्ष आणि मग अनुक्रमांक असं सगळं एकातच कोंबलंय. सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) वाचतो, जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेत त्या स्ट्रिंगचा, म्हणजे मजकूर म्हणून आलेल्या आकड्यांचा, नंबर करतो आणि पुढे पाठवतो, इतकं साधं काम.
परवा एका घरातले तिघं आले, सासूबाई, मुलगा आणि सून. तिघांनी एकाच दिवशी खाती उघडलेली म्हणून नंबर लागोपाठचे. नव्या पासबुकावर तिघांचाही नंबर एकच छापून आलाय!! खरा नंबर इथे टाकत नाही पण करून बघायला १२३४५६७८९०१२३४५६७ घ्या. त्याचा शेवट ५६८ होतो. त्याच्या पुढचा ५६८ तो ५६८ च राहतो, आणि ५६९ चा पण ५६८ होतो. कुठेही एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही.
सासूबाईंनी विचारलं, "माझी ठेव सुनेच्या नावावर गेली का रे?" आणि मला उत्तर देता आलं नाही. दोन रात्री झोप नाही. कोणी समजावून सांगेल का की अशी लांब स्ट्रिंग बिनचूक पूर्णांकात कशी बदलायची?

रानफूल
एवढा मोठा आकडा आहे तर ३२ बिटांचा इंट न घेता ६४ बिटांचा लाँग घ्या की.

दोनाचा_घात
@रानफूल, जावास्क्रिप्टमध्ये लाँग नाहीच, तिथेच सगळं अडतं. तिथला नंबर म्हणजे ६४ बिटांचा फ्लोटिंग पॉइंट (थोडक्यात फ्लोट, दशांशासकट संख्या ठेवायची पद्धत), त्यातले आकड्यासाठी ५३ च बिट मिळतात. म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक सुखरूप राहतो. त्याच्या पुढे गेलं की एक सोडून एक संख्याच शिल्लक उरते, म्हणजे फक्त सम. त्याच्याही दुपटीपुढे दर चौथी. कृष्णाकाठ यांचा ५६७ हा ५६६ आणि ५६८ च्या बरोबर मध्ये पडतो, ५६९ हा ५६८ आणि ५७० च्या मध्ये, आणि असं बरोबर मध्ये पडलं की कुठल्या बाजूला जायचं याचा नियम ठरलेला आहे, ज्या बाजूचा शेवटचा बिट शून्य तिकडे. इथे दोन्ही वेळा तो ५६८ निघाला, म्हणून तिघं एका खात्यात.
एक करा. तुमच्या पूर्ण यादीत एक तरी विषम खाते क्रमांक उरलाय का बघा.

कृष्णाकाठ
बघितलं. १,१४० ओळी आहेत, एकही विषम नाही. अंगावर काटा आला खरं सांगतो. आता कळलं की हा तिघांचाच प्रश्न नव्हता.
पण अजून एक दिसलं, २१२ ओळींच्या शेवटी ०० आहे. त्या सगळ्या एकाच शाखेच्या. हे पण यामुळेच का?

मुळामुठा
नाही नाही, ते वेगळं दुखणं आहे. ते एक्सेल. एक्सेल संख्येचे पहिले १५ आकडेच ठेवतं, पुढच्या जागी शून्यं भरतं. १७ आकडी नंबर असेल तर शेवटचे दोन गेले समजा. त्या शाखेत कोणीतरी ती सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली असणार, आणि खाते क्रमांकाच्या जागी १.२३४५७ई+१६ असलं काहीतरी दिसलं म्हणून कॉलमला नंबर फॉरमॅट लावून सेव्ह केली असणार. विचारून बघा.
आमच्याकडे हेच १६ आकडी कार्ड नंबरांचं झालं होतं. गंमत अशी की १६ आकडी कार्ड नंबर ४, ५ नाहीतर ६ ने सुरू होत असेल तर तो जावास्क्रिप्टमध्ये टिकतो, वर दिलेल्या मर्यादेच्या आत बसतो म्हणून, पण एक्सेलमध्ये नाही टिकत. त्यामुळे आम्ही आठवडाभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो आणि चूक फाईलमध्ये होती.

कृष्णाकाठ
अगदी हेच झालंय. तिथल्या लिपिक ताईंनी दोन जादा कॉलम काढून टाकायला उघडली होती. त्यांची काही चूक नाही, मीच सांगितलं होतं कॉलम काढून पाठवा.
म्हणजे त्या २१२ ओळी परत मागवाव्या लागणार.

शाईपेन
मूळ फाईलच मागवा, गेलेले दोन आकडे कुठल्याही गणिताने परत येत नाहीत.
आता माझं मत. खाते क्रमांक ही संख्या नाही. दोन खाते क्रमांकांची बेरीज करून काही अर्थ निघतो का? सरासरी काढता का कधी? नाही ना, मग ते नाव आहे, आकड्यांत लिहिलेलं नाव. स्ट्रिंग म्हणून आलं, स्ट्रिंग म्हणूनच राहू दे. पिनकोड, मोबाईल, आधार, सगळ्याला हेच लागू. शिवाय पुढे शून्य असलेला खाते क्रमांक पूर्णांक केला की ते शून्य उडतं, ते वेगळंच.
प्रश्न "कसं बदलायचं" हा नाहीच, "कशाला बदलायचं" हा आहे.

सह्याद्री_७७
+१

इंडेक्सवाला
शाईपेन यांच्याशी अर्धा सहमत. मी डेटाबेसचं काम करतो, कोट्यवधी ओळी असतात तेव्हा १७ अक्षरांची स्ट्रिंग आणि ८ बाइटचा, म्हणजे ६४ बिटांच्या पूर्णांकाचा, बिगइंट कॉलम यात जागेचा आणि वेगाचा फरक पडतोच पडतो. १७ आकडे ६४ बिटांच्या पूर्णांकात आरामात मावतात, त्याची मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ आहे. तेव्हा संख्या करणं म्हणजे गुन्हा नाही. रस्त्यात कुठेही फ्लोट लागू देऊ नका एवढंच.
आणि स्ट्रिंग ठेवली म्हणून निश्चिंत होऊ नका. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये कॉलम व्हारकॅर, म्हणजे मजकुराचा, ठेवला आणि क्वेरीत (डेटाबेसला विचारायच्या ओळीत) नंबर अवतरणचिन्हाशिवाय लिहिला तर ती तुलना फ्लोटिंग पॉइंटमध्ये होते. म्हणजे स्ट्रिंग ठेवूनसुद्धा सासूबाई आणि सून परत एक! वर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) वापरला जात नाही तो नाहीच.

चिंचवडची_मीना
मोबाईलवरून आठवलं. माझ्या पहिल्या नोकरीत ग्राहकांच्या टेबलात मोबाईल नंबरचा कॉलम साधा इंट होता. आपले मोबाईल नंबर १० आकडी, ६ ते ९ ने सुरू होणारे, आणि ३२ बिटांच्या इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न मावणारी किंमत नाकारायची सेटिंग, बंद होता, त्यामुळे एरर न देता प्रत्येक मोठा नंबर त्या मर्यादेवर आणून बसवला गेला. दिवाळीचा शुभेच्छा संदेश पाठवायच्या दिवशी कळलं की हजारो ग्राहकांचा मोबाईल नंबर एकच आहे, २१४७४८३६४७. तेव्हापासून हा आकडा कुठेही दिसला तरी मी ओळखते.

दोनाचा_घात
@मीना, डेटाबेसने निदान एकच आकडा तरी दिला. एकेक आकडा घेऊन संख्या करणारा हाताने लिहिलेला लूप असेल तर न मावणारे वरचे बिट गळून भलतंच काहीतरी येतं. ९९९९९९९९९९ ही स्ट्रिंग ३२ बिटांत कोंबली की १४१००६५४०७ मिळतो, दिसायला अगदी खरा १० आकडी नंबर! म्हणून जावा भाषेतल्या पार्सइंट या स्ट्रिंगचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला अशी स्ट्रिंग दिली की ते सरळ एक्सेप्शन, म्हणजे एरर, टाकतं, ते मला फार आवडतं. सी भाषेतलं याच कामाचं जुनं फंक्शन एटूआय (atoi) अशा वेळी काय करेल याची हमीच नाही, ते वापरूच नये, एसटीआरटूएलएल (strtoll) वापरून नंतर एरर आली का ते सांगणारा एररनो (errno) तपासावा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. शाईपेन यांचं म्हणणं पटलं, खाते क्रमांक स्ट्रिंगच ठेवतो. पण एक अडचण आहे, प्रत्येक क्रमांकासोबत वेगळा तपासणी अंक आहे, त्यासाठी पूर्ण क्रमांकाला ९७ ने भागून बाकी काढावी लागते. तिथे तरी संख्या करावीच लागेल ना?

दोनाचा_घात
हो, तिथे जावास्क्रिप्टचं बिगइंट वापरा, कितीही मोठा पूर्णांक बिनचूक ठेवणारा प्रकार, डेटाबेसच्या बिगइंटपेक्षा वेगळा. २०२० च्या जावास्क्रिप्ट मानकापासून आहे, सगळ्या चालू ब्राउझरमध्ये चालतं. फक्त स्ट्रिंग थेट बिगइंटला द्या. आधी नंबर आणि मग बिगइंट असं केलंत तर शेवटचा आकडा पहिल्याच पायरीला गेलेला असतो, नंतर बिगइंट तोच चुकीचा आकडा फार काळजीने जपून ठेवतं. ही चूक मी निदान चार जणांच्या कोडमध्ये पाहिली आहे. कोडमध्ये नंबर थेट लिहायचा असेल तर शेवटी एन लावा किंवा अवतरणात लिहा.
अजून काही: रिकाम्या स्ट्रिंगचं बिगइंट एरर न देता शून्य देतं, तेव्हा आधी रिकामी आहे का बघा. बिगइंट आणि साधा नंबर यांची बेरीज करता येत नाही. आणि जेसनमध्ये (माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) बिगइंट लिहायला गेलात की एरर येते, तिथे परत स्ट्रिंगच करून पाठवा. ट्विटरनेही २०१० मध्ये ट्वीटचे आयडी ६४ बिटांचे केले तेव्हा याच कारणासाठी जेसनमध्ये प्रत्येक आयडी स्ट्रिंग म्हणून पण द्यायला सुरुवात केली होती.

पाटीपेन्सिल
बाकीसाठी बिगइंटचीही गरज नाही हो. शाळेत भागाकार करताना आपण काय करतो? डावीकडून एक एक आकडा खाली उतरवतो. तसंच करा. बाकी शून्यापासून सुरू करा, प्रत्येक आकड्याला बाकी गुणिले १० अधिक आकडा, आणि त्याची लगेच ९७ ने बाकी. मधली संख्या कधीच ९७० च्या वर जात नाही. स्ट्रिंग १७ आकडी असो नाहीतर १७०० आकडी.

कृष्णाकाठ
अरे वा! हे तर डोक्यातच आलं नाही.

पहिलं_वर्ष
मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एक मूलभूत शंका, कोणी हसू नका. जर संख्या ६४ बिटांत मावतच नाही तर बिगइंट किंवा पायथन भाषा ती ठेवतात कुठे? आणि स्ट्रिंगमधून तिथपर्यंत नेतात कशी?

पाटीपेन्सिल
यात हसण्यासारखं काहीच नाही, मी शिकवते आणि या प्रश्नाची वाट बघत असते.
आपण हजार लिहिताना नवीन चिन्ह काढत नाही, घरं वाढवतो. एकक, दशक, शतक. संगणकही तेच करतो, फक्त त्याच्या एका घरात ० ते ९ ऐवजी ३० किंवा ६४ बिट मावतात. संख्या मोठी झाली की घरं वाढवायची. स्ट्रिंग वाचताना डावीकडून सुरू करायचं, हातात शून्य. प्रत्येक अक्षर आलं की हातातल्या संख्येला १० ने गुणायचं आणि नवा आकडा मिळवायचा. ४, मग ४७, मग ४७३. झालं. हातचा पुढच्या घरात जातो, अगदी पाटीवर करतो तसा.
एक सुधारणा लगेच करता येते. एकेक आकडा न घेता ९-९ आकड्यांचे तुकडे घ्यायचे, कारण ९ आकडे ३२ बिटांत हमखास मावतात, आणि १० ऐवजी १०० कोटींनी गुणायचं. मोठ्या संख्येला हात लावायची वेळ ९ पट कमी येते. ६४ बिट असतील तर १८ आकड्यांचे तुकडे.
ऋण संख्येची एक छान गोष्ट सांगते. ३२ बिटांत उणे २,१४,७४,८३,६४८ मावतो पण तोच अधिक मावत नाही. म्हणून "आधी धन संख्या करू आणि शेवटी उणे लावू" असं केलं की त्या एका स्ट्रिंगला अडकायला होतं. जावाच्या पार्सइंटमध्ये म्हणून पूर्ण बेरीज ऋण बाजूलाच करत जातात. वर्गात हे सांगितलं की कोणीतरी एकजण तरी उठून फळ्यापाशी येतो.

अरब_खर्व
पाटीपेन्सिल ताई, सुंदर. पण ही पद्धत लांब स्ट्रिंगला फार हळू पडते हे पण सांगा. प्रत्येक तुकड्याला आतापर्यंतची पूर्ण संख्या पुन्हा गुणावी लागते, त्यामुळे स्ट्रिंग दुप्पट झाली की काम चौपट. मी अविभाज्य संख्यांच्या नादात काही कोटी आकड्यांची फाईल पायथनमध्ये वाचायला लावली आणि चहा करून आलो तरी चालूच.
आणि मग पायथनची आवृत्ती बदलली आणि तीच फाईल चक्क नाकारली गेली! २०२२ च्या सप्टेंबरात त्यांनी मर्यादा घातली, ४,३०० आकड्यांपेक्षा लांब स्ट्रिंग दिली की व्हॅल्यू एरर. उलट दिशेने, म्हणजे संख्येची स्ट्रिंग करतानाही तसंच. कारण हेच चौपटीचं गणित, कोणीही तुमच्या सर्व्हरला एक प्रचंड लांब आकडा पाठवून त्याला गुंतवून ठेवू शकत होता. स्वतःची विश्वासाची फाईल असेल तर सिस मोड्यूलमधून ती मर्यादा वाढवता येते. संख्या १० ऐवजी १६ च्या पद्धतीत लिहिलेली असेल तर मर्यादा लागतच नाही, कारण १६ हा २ चा घात, तिथे गुणाकार लागत नाही, बिट जागच्या जागी बसतात.

पहिलं_वर्ष
मग लाखो आकड्यांसाठी लोक करतात काय?

अरब_खर्व
स्ट्रिंग मधोमध कापायची. डावा अर्धा वेगळा संख्येत बदलायचा, उजवा वेगळा, आणि डाव्याला १० च्या योग्य घाताने गुणून उजवा मिळवायचा. प्रत्येक अर्ध्याचं परत तसंच. नुसतं कापून फायदा नाही हं, गुणाकार शाळेतलाच राहिला तर काम तेवढंच. पण आता दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार आला, आणि त्यासाठी कारात्सुबाची पद्धत आहे, १९६२ मध्ये छापून आलेली, चार गुणाकारांऐवजी तीनात भागवणारी. मोठ्या संख्यांसाठीची जीएमपी लायब्ररी असंच कापून करते, गुणाकाराच्या याहून वेगवान पद्धतीही तिच्यात आहेत. पायथननेही ३.१२ पासून फार लांब स्ट्रिंगसाठी आत वेगळी जलद पद्धत आणली, ४,३०० ची मर्यादा मात्र कायम आहे.

लीलावतीप्रेमी
अवांतर: अरब_खर्व हे नाव बघून राहवलं नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी १८ स्थानांची नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. त्या हिशोबाने जावास्क्रिप्टची मर्यादा ९ अंत्य आणि जावाच्या लाँगची ९२ परार्ध होते. आणि बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट गहू मागणाऱ्याची गोष्ट आठवते ना, ते एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५, म्हणजे बरोबर चिन्हाशिवायच्या ६४ बिटांत मावणारी सर्वात मोठी संख्या. ६४ घरं, ६४ बिट!

रानफूल
मस्त. वाचनखूण साठवली.

तलाठी_ते_टेक
एक मुद्दा कोणीच काढला नाही, देवनागरी आकड्यांचा! मी गावपातळीवरच्या नोंदी संगणकावर आणायचं काम करतो, तिथे लोक फॉर्ममध्ये सर्रास देवनागरी आकडे टाइप करतात, आणि का करू नयेत? पायथनला देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग दिली तर तो व्यवस्थित पूर्णांक करतो. जावाचं पार्सइंट पण करतं. जावास्क्रिप्ट मात्र "हा नंबर नाही" म्हणून मोकळं होतं, आणि बिगइंट एरर देतं. जिथे कोणी स्वतःच "अक्षराच्या कोडातून ४८ वजा" असा लूप लिहिलेला असतो तिथे तर देवनागरी एकचे २३५९ होतात, कारण देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आहे. सोपा उपाय, बदलायच्या आधी २४०६ ते २४१५ मधल्या प्रत्येक अक्षरातून २४०६ वजा करून साधा आकडा करून घ्यायचा. कृष्णाकाठ, तुमच्या जुन्या नोंदीत असे आकडे असतील तर आत्ताच बघून ठेवा.
आणि स्वल्पविराम! जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला "१२,३४,५६७" साध्या इंग्रजी आकड्यांत दिलं तर ते पहिल्या स्वल्पविरामाला थांबतं आणि १२ देतं. बारा लाखांचे बारा रुपये, आणि एरर नाही.

शाईपेन
हे भयंकर आहे. शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईत असं झालं तर?

तलाठी_ते_टेक
म्हणूनच तर सांगतोय. आम्ही नियमच केलाय, आधी तपासा की स्ट्रिंगमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त आकडेच आहेत, आणि मगच बदला. जेवढं समजलं तेवढं घेऊन पुढे जाणारी फंक्शन्स पैशाच्या कामात वापरायची नाहीत.

गुप्तलिपी
उशिरा आलो. शीर्षक बघून मला वाटलं अक्षरांच्या स्ट्रिंगबद्दल धागा आहे, आकड्यांच्या नाही. तेही करतात. आरएसए या गुप्तलेखनाच्या पद्धतीत संदेश आधी एक प्रचंड पूर्णांक केला जातो, प्रत्येक बाइट म्हणजे २५६ च्या पद्धतीतला एक आकडा. पाटीपेन्सिल यांचीच रीत, १० च्या जागी २५६. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. "आई" म्हणजे ६ बाइट आणि त्याचा पूर्णांक होतो २४,६९,९७,२४,२१,२७,४९६. ६४ बिटांत अशी दोनच चिन्हं मावतात, तिसऱ्याला बिगइंट आलंच. २०४८ बिटांच्या आरएसएतली संख्या ६१७ आकडी असते.
मराठीत एक खास खड्डा आहे. "दऱ्या" हा शब्द काही कीबोर्डवर ऱ ने लिहिला जातो, १५ बाइट, आणि काहींवर साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक घालून, तो होतो १८ बाइट. दिसायला एकच शब्द, पूर्णांक दोन, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या करणं) केलं तरी ते एक होत नाहीत. सभासदाच्या नावावरून कोणी अशी किल्ली, म्हणजे नोंद ओळखायची संख्या, बनवत असेल तर आडनावात ऱ्हा, ऱ्ये आलं की बघा.

कृष्णाकाठ
किल्ली नावावरून नाही, पण आडनावाने शोध आहे. नोंद करून ठेवली, वेगळा धागा काढतो.
बाकीचं सांगतो. मूळ जुन्या सॉफ्टवेअरमधून १,१४० च्या १,१४० ओळी पुन्हा काढल्या, एक्सेल मध्ये येऊच दिलं नाही. खाते क्रमांक सगळीकडे स्ट्रिंग, डेटाबेसमध्ये व्हारकॅर, क्वेरीत अवतरण. तपासणी अंक पाटीपेन्सिल ताईंच्या पद्धतीने, सगळे जुळले. विषम क्रमांक ५७३ निघाले, ते बघून फार बरं वाटलं. एका शाखेच्या जुन्या नोंदींत खरंच ४१ क्रमांक देवनागरी आकड्यांत होते, तेही बदलून घेतले. व्यवहार पावती क्रमांकावरून परत लावले, कोणाचा एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही.
आज संध्याकाळी त्या तिघांची पासबुकं घेऊन घरी गेलो होतो. सासूबाईंनी चष्मा लावला, शेवटचे तीन आकडे स्वतः मोठ्याने वाचले, मग सुनेचं पासबुक मागून घेऊन तिचे पण वाचले.

चिंचवडची_मीना
फार बरं वाटलं वाचून. ऱ्ह वाल्या धाग्याची लिंक इथेच द्या.